सहाचे सात, साताचे सहा

महादू तात्या रुपया कानाने पारखत. हातात आलेला प्रत्येक रुपया ते अंगठ्याच्या नखावर उडवत, डोके किंचित कलते करत आणि तो तळहातावर परत पडेपर्यंत डोळे मिटून घेत. शंभर रुपये असले तर शंभर वेळा. समोरचा माणूस कंटाळून जाई आणि मी चिडून लाल होई. पण तात्यांना घाई करणे कोणाला जमत नसे. "बापू, रुपया बोलतोय. त्याचं बोलून हुऊ दे, मग तू बोल," असे ते म्हणत.

तात्यांबद्दल माझ्या मनात एक राग आहे. ते जाऊन इतकी वर्षे झाली तरी तो गेला नाही. मी आयुष्यभर भांडत आलो. ज्याच्यावर राग आला त्याच्यावर तिथल्या तिथे काढून मोकळा होत आलो. हा एकच राग असा राहिला की तो कुठे काढावा हे मला कळत नाही.

आमचा धंदा बैलांचा. बैलांच्या व्यापाऱ्याला आमच्याकडे हेडी म्हणतात. ही हकीकत दुसऱ्या महायुद्धाच्या तीन-चार वर्षे आधीची. इंदापूरहून भीमा ओलांडून, करमाळ्यावरून पूर्वेला दोन-तीन मुक्काम चालत गेले की सीना नदी लागे. अलीकडचा काठ इंग्रजांचा, पलीकडचा निजामाचा. त्या मुलखाला आम्ही मोगलाई म्हणत असू. तिकडचे शिपाई वेगळे, जकातीचे नाके वेगळे आणि नाणेही वेगळे. आमचा रुपया कलदार, त्याच्यावर इंग्रज बादशहाचे तोंड. तिकडचा हाली, त्याच्यावर चारमिनार. हालीत चांदी कमी, म्हणून सहा कलदार दिले की सात हाली मिळत. मोगलाईतले बैल कणखर आणि आमच्या मानाने स्वस्त. ते तिकडे हालीत घ्यायचे आणि बारामतीच्या बाजारात, कालव्याखालच्या ऊसवाल्या बागाईतदारांना कलदारात विकायचे, एवढाच आमचा धंदा.

ऐकायला सोपे वाटते. पण नवा माणूस पहिल्यांदा नदी ओलांडतो, सहाशेचे सातशे करून घेतो आणि त्याला वाटते, आपण शंभर रुपये कमावले. मग त्याचा हात सैल सुटतो. गुळाची जिलबी काय, बायकोला लुगडे काय, बैलाला दहा रुपये जास्त काय! परतताना तोच सराफ त्याच्या उरलेल्या साताचे सहा करतो, तेव्हा तो सराफाला शिव्या देतो. तात्यांचे यावर एक ठरलेले बोलणे होते. नदीत पाय घालण्याआधी ते मला हटकून ऐकवत. "जाताना सहाचं सात व्हत्यात, येताना साताचं सहा. मधी जो फुगला त्यो मेला."

ते सांगवीचे. साठीला टेकलेले, उंच, अंगाने वाळकुडे. डोक्याला मळकट गुलाबी पटका आणि अंगात आतल्या बाजूने दोन खिसे शिवलेली जाड बंडी. आमची पहिली गाठ बारामतीच्या बैलबाजारात पडली, तीही भांडणातून. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा. वैरणीच्या पेंढ्या वाहून दिवस काढलेले, त्यातून पैसा पैसा साठवून एक एक बैल घेऊन विकणारा. एक म्हातारा बैल मी पाच वर्षांचा म्हणून खपवत होतो. गिऱ्हाईक तयार झाले होते. एवढ्यात हे पुढे आले, बैलाच्या तोंडात हात घालून दात चाचपले आणि मोठ्याने म्हणाले, "बैल चांगला हाय. फक्त मालकापेक्षा थोरला वाटतोय."

सगळे हसले आणि गिऱ्हाईक गेले. मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तोंड लई चालतंय तुझं. त्याची मला गरज हाय. माझ्याकडं पैसं हायती, पाय ऱ्हायलं न्हाईत. येतोस का भागीत?"

असे आम्ही भागीदार झालो. भांडवल निम्मे निम्मे, नफा निम्मा निम्मा. नाव त्यांचे, पाय माझे.

बैलाचा सौदा तोंडाने होत नाही, रुमालाखाली होतो. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, हातांवर एक रुमाल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव सांगतात. बघणाऱ्यांना काही कळत नाही. रुमाल उचलला की सौदा पक्का. मग त्यात बदल नाही. या कामात तात्यांसारखा माणूस मी पाहिला नाही. समोरच्याच्या बोटांना घाम फुटला की नाही, तो हात ओढून घेताना खरेच ओढतो की दाखवायला, सगळे त्यांना कळे. मी अर्धा तास ओरडून जे पाच रुपये सोडवू शकत नसे, ते तात्या पाच मिनिटांत गप्प बसून सोडवत.

रुमाल टाकण्याआधी मात्र ते माझी परीक्षा घेत. बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहत आणि विचारत, "बापू, सांग."

"शिंगं बाकदार हायती. डावं जरा खाली."

"आनि?"

"कातडी तुकतुकीत. वशिंड भरलंय."

"आनि?"

"डोळ्यांतनं पाणी गळतंय थोडं."

"कुठल्या डोळ्यातनं? नीट बघ. आनि?"

त्यांचे 'आनि' संपत नसे. मी रडकुंडीला येई. एकदा चिडून म्हणालो, "तात्या, तुमीच बघा की! बैल तुमच्या नाकाम्होरं हाय." ते शांतपणे म्हणाले, "मी बघून तू कसा शिकणार?" हे मला पटले. मला आईबाप नव्हते, कोणी काही शिकवले नव्हते. एवढा नावाजलेला हेडी आपला वेळ खर्चून मला धंदा शिकवतो आहे, या विचाराने माझी छाती फुगे. नदी ओलांडताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवत. तो मला मान वाटे. तीन वर्षांत माझी नजर अशी तयार झाली की लंगडणारा बैल तो चालायच्या आधी मला ओळखू येई.

चौथ्या वर्षी ती गोष्ट घडली.

मोगलाईत परांड्याच्या बाजूला जत्रेचा मोठा बैलबाजार भरला होता. नदीच्या पलीकडे एका बाभळीखाली आमचा नेहमीचा सराफ बसे. म्हातारा होता, तात्या आणि तो तासभर एकमेकांच्या गुडघेदुखीची चौकशी करत आणि मग पैसे बदलत. त्या वर्षी तो आजारी होता आणि त्याचा पुतण्या बसला होता. त्याने आमच्याकडचे तीनशे कलदार रुपये घेतले आणि म्हणाला, "काका, जत्रेची गर्दी. हाली चांदी थोडीच राहिली आहे. पन्नास नाणी देतो, बाकीच्या नोटा घ्या."

"मग ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "उद्या येतो."

माझे डोके फिरले. "उद्या? मग बाजारात पोचायला परवा उजाडंल तात्या! चांगला माल लोकं उद्याच उचलत्यात. घ्या की नोटा. ह्यो जड गोळा कमरंला बांधून कुठवर हिंडायचं?"

"कागूद बोलत न्हाय, बापू."

"न बोलू दे. त्याच्या वाटचं मी बोलतो!"

पुतण्या हसला. तात्याही हसले, पण हलले नाहीत. नोटांना ते नेहमीच नाही म्हणत. नोट भिजते, नोटेला उंदीर लागतो, अशी दहा कारणे सांगत. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, असे मी समजत होतो. मी त्या पुतण्याशी अर्धा तास घासाघीस केली, नोटा घेतो म्हणून शेकड्याला चार आणे जादा काढले आणि विजयाने तात्यांकडे पाहिले. ते जमिनीकडे तोंड करून बसले होते. शेवटी म्हणाले, "बरं. तू म्हणतोस तर घे."

माझ्या रागाचे मूळ इथेही आहे. त्यांनी आणखी भांडायला हवे होते.

आमच्याकडे दुसऱ्या नोटाही होत्या. बारामतीच्या एका बागाईतदाराने त्या वर्षी चांदीऐवजी दहा-दहाच्या इंग्रजी नोटाच दिल्या होत्या. ते तीनशे परतीच्या वाटेवर करमाळ्याच्या बाजारात लागतील म्हणून आम्ही बदलले नव्हते. हाली नोटाही दहा-दहाच्याच मिळाल्या. दोन्हींची दोऱ्याने बांधलेली दोन पुडकी झाली. तात्यांनी ती चाचपली, बराच वेळ चाचपली. मग बंडीचे खिसे मला दाखवून म्हणाले, "हाली उजवीकडं, कलदार डावीकडं. ध्येनात ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाजारात उतरलो. तात्यांनी एका शेतकऱ्याच्या बैलांच्या दोन जोड्यांवर रुमाल टाकला. एकशे चाळीस हालीला एक जोडी, दोन जोड्यांचे दोनशे ऐंशी. रुमाल उचलला आणि मी जकातीच्या नाक्यावर परवाना करायला गेलो. मी परत येईपर्यंत तात्यांनी पैसे चुकते केले होते. दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर मी सवयीने बंडी मागून घेतली आणि उरलेले पुडके सोडले. त्यात सगळ्या हाली नोटा जशाच्या तशा होत्या. गेल्या होत्या त्या इंग्रजी. दोनशे ऐंशी हालीच्या मालाला तात्यांनी दोनशे ऐंशी कलदार मोजले होते. चाळीस कलदार रुपये उडाले. तेवढ्यात त्या वेळी एक बरी गाय येई.

मी तात्यांना हाताला धरून बाजारात ओढत नेले. तो शेतकरी विहिरीजवळ गाडी जुंपत होता. "पैसं काढ!" मी ओरडलो. "सौदा हालीचा, तू कलदार घेऊन निघालास?"

"मी काय चोरून नेलं व्हय?" तो म्हणाला. "तात्यांनी आपल्या हातानं मोजून दिलं. मला वाटलं, खूस झालं असतील."

आजूबाजूला माणसे जमली. सगळे हेडी, सगळे ओळखीचे. कोणीतरी म्हणाले, "काय तात्या, लई श्रीमंत झाला!" लोक हसले. त्या हसण्याने माझा तोल गेला. मी ते हाली पुडके तात्यांच्या तोंडासमोर नाचवले. "ह्याच्यावर उर्दू अक्षरं हायती, त्याच्यावर बादशाचं तोंड. शेंबड्या पोराला सुदिक कळतंय. आंधळं झालाय का तुमी?"

"व्हय," तात्या म्हणाले.

मला वाटले ते चिडून बोलले. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता, पण माझ्या थोडा डावीकडे.

"तीन वर्सं झाली. आधी कडंचं दिसायचं बंद झालं. आता उजेड तेवढा कळतोय."

 कोणीतरी "अरारा" म्हणाले. मी हातात नोटा घेऊन तसाच उभा. शिंगे, कातडी, डोळ्यांतले पाणी, खांद्यावरचा हात, सगळे एकदम माझ्या डोक्यात उलटे झाले. मला शिकवत होते की माझे डोळे वापरत होते?

त्या शेतकऱ्याने धोतराचा सोगा सोडला आणि चार नोटा पुढे केल्या. मी हात पुढे केलाही होता. पण तात्यांना कागदाची सळसळ ऐकू आली. "ठेव त्या," ते म्हणाले. "रुमाल उचलल्यावर सौदा फिरत न्हाय. आंधळ्याचा बी न्हाय फिरत."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चाळीस माझ्या वाट्यातनं काप."

मी कापले. लिहायला लाज वाटते, पण कापले. त्याच दिवशी बाजारात बसून, माणसांसमोर.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. मी बैल हाकत पुढे, ते शेवटच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून मागे. सीनेच्या अलीकडे आल्यावर मला आठवले. सौद्याच्या दिवशी सकाळी, बाजारात उतरण्याआधी, तात्या विहिरीवर आंघोळीला गेले होते, तेव्हा बंडी माझ्या मांडीवर होती. पैसे पुन्हा पुन्हा मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी दोन्ही पुडकी काढून मोजली होती आणि परत ठेवली होती. उजवे कुठे आणि डावे कुठे, याचा मी विचारही केला नव्हता. मला डोळे होते. तात्यांनी बरोबर उजव्या खिशातच हात घातला होता.

हे मी त्यांना सांगितले नाही. वाटेत प्रत्येक मुक्कामाला सांगेन म्हटले आणि सांगितले नाही. त्यांना ते कळले असणारच. खिसे त्यांच्या अंगावर होते, आणि बंडी मीच मागून घेत असे.

त्यानंतर तात्यांचा धंदा संपला. बातमी आमच्याआधी बारामतीला पोचली होती. वास्तविक रुमालाखाली डोळ्यांचे काय काम? पण ज्यांना तीन वर्षे त्यांच्या आंधळेपणाचा पत्ता लागला नव्हता, तेच लोक आता त्यांच्यासमोर बसायला कचरू लागले. एक जण मला म्हणाला, "आंधळ्या माणसाकडनं पाच रुपये जादा घेतलं तर पाप लागंल, न घेतलं तर धंदा कसा व्हायचा?"  तात्या दोन-तीन बाजारांना आले, झाडाखाली बसले, कोणी रुमाल टाकला नाही. मग यायचे थांबले. भरबाजारात ओरडलो होतो मी. ते शब्द परत कसे घ्यायचे हे मला ठाऊक नव्हते. आजही नाही.

मी त्यांना पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. मला वाटत होते मोतीबिंदू असेल, पडदा काढला की दिसेल. खर्च सगळा मी केला. कापलेले चाळीस त्यात गेले, वर आणखी गेले. किती गेले ते मी, पै पै मोजणाऱ्याने, मोजले नाही. डॉक्टरांनी दिव्याने बराच वेळ पाहिले. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, "हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी आणलं असतं तर होती ती टिकवायचा प्रयत्न करता आला असता."

मी डॉक्टरांशीही भांडलो. दुसरे औषध सांगा, शस्त्रक्रिया करा, मुंबईला पाठवा, लागेल तेवढे देतो. जणू ते भाव वाढवून सांगत होते आणि मी रेटले तर खाली येणार होते. ते सज्जन होते. माझे बोलणे संपेपर्यंत थांबले आणि पुन्हा तेच वाक्य म्हणाले.

दौंडला मोठी गाडी सोडून आम्ही बारामतीच्या छोट्या गाडीत बसलो. डब्यात फारसे कोणी नव्हते. तात्यांनी मला काही विचारले नव्हते, मी काही सांगितले नव्हते. गाडी सुटल्यावर माझ्याच्याने राहवले नाही.

"तीन वर्सं, तात्या. तीन वर्सं मी तुमच्या संगं चाललो, एका ताटात जेवलो. मला सांगितलं का न्हाय? तवाच आलो असतो तर डोळं ऱ्हायलं असतं."

"असं म्हणला व्हय डागदर," ते म्हणाले. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवले. "तुला सांगितलं असतं, तर तू माझ्या संगं भागीत ऱ्हायला असतास?"

"ऱ्हायलो असतो," मी म्हणालो.

ते हसले. रागाने नाही. माझ्या गुडघ्यावर थोपटले आणि म्हणाले, "बापू, बाजारात बोल खोटं. हितं नगं."

त्यानंतर ते दीड वर्ष जगले. मोगलाईतून आलो की मी सांगवीला त्यांच्या घरी जात असे. कधी कोल्हापुरी चपला, कधी तंबाखू नेई. ते ओट्यावर बसलेले असत, माझी चाहूल लागताच सरकून जागा करून देत. बैल कुठले घेतले, सराफाने काय दर दिला, नदीला पाणी किती होते, सगळे विचारून घेत. मला एकच गोष्ट सांगायची असे. 'नसतो ऱ्हायलो', एवढे दोनच शब्द. आणि त्यानंतर खिशांच्या अदलाबदलीचे. मी अर्धा-अर्धा तास बसे, पाऊसपाण्याचे बोले, चहा घेई आणि उठे.

शेवटच्या खेपेला मी ठरवूनच गेलो होतो. वाटेत दोनदा म्हणूनही पाहिले. घराजवळ पोचलो तर ओट्यावर माणसे बसली होती, आणि दोघे जण बांबू आणायला निघाले होते.